न वाजणारे बूट

ओकव्हिल
४ ऑगस्ट २०२४

राल्फदादा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार घालायची आपली पद्धत आहे, पण सत्तावन्नाव्या वर्षी मी एकदा साष्टांग पडलो तर उठवायला फायर ब्रिगेड लागेल. तेव्हा खुर्चीतूनच नमस्कार. शोशनावहिनींनाही.

सोबतच्या खोक्यात माझे शिकारीचे बूट आहेत. खोकं दुकानाबाहेर उघड.

तीस वर्षं तू सडबरीत खाणवाल्यांचे आणि शिकाऱ्यांचे बूट शिवतो आहेस. तू माझ्या थोरल्या भावाचा, संजयदादाचा वर्गमित्र, आमच्या रेवदंड्याच्या आळीतला, आणि तुला न विचारता मी हे बूट घेतले ते मॉलमधल्या एका पोराच्या सल्ल्याने. त्याने आयुष्यात पार्किंग लॉटपलीकडे काही पायी तुडवलं असेल असं वाटत नाही. पण खोक्यावर लांडग्याचं चित्र होतं, खाली 'सायलेंट टेक्नॉलॉजी' असं छापलेलं होतं, आणि आपण पडलो शिकलेली माणसं. छापलेलं दिसलं की विश्वास बसतो.

आता मुद्द्याचं. हॅलिबर्टनजवळच्या आमच्या हंट कॅम्पात आम्ही सहा जण. चौघे झाडाला टेकवलेल्या शिडीवरच्या मचाणावर दिवसभर बसतात. दोघे चालतात: कॅम्पाचा म्होरक्या डग आणि मी. चालणाऱ्याने एकट्याने, वारा तोंडावर घेत, मांजराच्या पावलाने जायचं आणि हरणाला आपण दिसायच्या आत आपल्याला हरीण दिसायला हवं. नऊ वर्षं हे मला बऱ्यापैकी जमत होतं. गेल्या नोव्हेंबरात मात्र तीनदा हरीण माझ्या दोनशे पावलं पुढूनच उठलं आणि पांढरं शेपूट उभारून टाटा करत निघून गेलं. तिसऱ्या दिवशी डगने कॉफीचा मग खाली ठेवला. डग मग खाली ठेवतो तेव्हा कोणाचं तरी काही खरं नसतं. म्हणाला, "पॅट, यू साउंड लाइक अ फ्रिज फॉलिंग डाउन द स्टेअर्स." या नोव्हेंबरात पुन्हा तसं झालं तर माझं चालणं बंद. मचाणावर बसायचं. कायमचं.

दादा, बसायचंच असेल तर ऑफिस काय वाईट आहे? मी मीटिंगला बसतो, हायवे ४०३ वर गाडीत बसतो, घरी येऊन बसलो की बसल्याबद्दल बोलणी खातो. वर्षातले ते सहा दिवस तेवढे मी चालतो. ते गेले की मी म्हणजे पगार मिळवणारी खुर्ची.

तेव्हा मला आरामशीर आणि मुके बूट पाहिजेत. या जोडीतला आवाज कुठून येतो ते शोध आणि नवी जोडी कशी असावी ते सांग. व्हॉट्सॲपवर तू माप घेत नाहीस हे माहीत आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुझा
प्रताप


सडबरी
१५ ऑगस्ट २०२४

प्रताप,

आशीर्वाद. खोकं बाहेर उघडलं. शोशनाने विचारलं, आत हरीणच आहे का.

हे बूट बसणाऱ्याचे आहेत. आत आठशे ग्रॅमचं अस्तर आहे. मचाणावर गोठत बसलेल्याला ते ठीक, चालणाऱ्याचा पाय त्यात उकडतो. उकडला की घामेजतो, घामेजला की आत सरकतो, आणि सरकला की चर्र वाजतो. वरचं कापड नायलॉनचं, झुडपाला घासलं की पापड मोडल्यासारखा आवाज. आणि तळ ट्रकच्या टायरसारखा. तुझ्या सेल्समनने त्याला ग्रिप म्हटलं असेल. त्याच्याखाली काटकी आली तर ती मोडल्यावरच तुला कळते, म्हणजे तुला आणि हरणाला एकाच वेळी.

शिवाय खालच्या चामड्याला तू खोबरेल चोळलंस. कबूल कर. आम्ही बेने इस्राएल ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले शनिवारतेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मला तेल शिकवू नकोस. खोबरेल थंडीत थिजतं, चामडं करकरतं आणि हरणाला वाटतं की कोणीतरी सोलकढी घेऊन येतंय.

चालणाऱ्याला मऊ चामडं आणि पातळ, वाकणारा तळ लागतो. दुकानात बूट हातात घेऊन दुमडून बघायचा, दुमडला नाही तर परत ठेवायचा. इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक ओजिब्वे म्हातारा माझ्याकडे तळ बदलायला येतो. तो म्हणतो, नाण्यावर पाय पडला तर राणी वर आहे की पक्षी, ते कळलं पाहिजे, एवढा पातळ दे. पाऊल टाकताना आधी बाहेरची कड टेकव. भार मागच्याच पायावर राहू दे. खाली काय आहे ते तळव्याला विचार. काटकी लागली तर पाय उचल आणि दुसरीकडे ठेव. काही नाही म्हणाला, तरच भार दे. बिनआवाजाचं चालणं म्हणजे एवढंच, बाकी सगळी जाहिरात.

एक गोष्ट मात्र मला उलगडली नाही. तुझा उजवा तळ नेहमीसारखा झिजलाय. डावा अंगठ्याखाली आणि टाचेमागे विचित्र झिजलाय. तू डावा पाय आपटतोस. जिना संपला की अजून एक पायरी आहे हे न कळलेला माणूस आपटतो तसा. गुडघा दुखतो का?

तुझी जोडी मीच करतो. माप पाठव: ब्राउन पेपरवर, उभं राहून, संध्याकाळी, कारण तोवर पाय फुगलेला असतो. मोजे काढून. आणि सुनेत्राला काढायला सांग. स्वतः वाकून काढलं की माप खोटं येतं.

हरणाचं मांस पाठवीन म्हणतोस दर वर्षी, पाठवू नकोस. गोळीने मारलेलं आम्हाला चालत नाही. शोशना म्हणते, त्यापेक्षा कोकमं पाठव.

राल्फ


ओकव्हिल
२ सप्टेंबर २०२४

राल्फदादा,

माप पाठवतोय, कोकमंही. खोबरेल कबूल. माप मीच काढलं. सुनेत्राला पायाशी बसवलं तर ती उठताना काहीतरी मागून घेते. आणि मोजे घालूनच काढलं, हल्ली पाय फार गार पडतात, ऑगस्टातसुद्धा. तू एक रेघ वजा कर.

गुडघा-बिडघा ठणठणीत आहे. आणि माझ्या तळव्यांबद्दल तू शंका घ्यावीस? दहावीपर्यंत मी चप्पल घातली ती फक्त लग्नाला आणि फोटोला. जांभ्याचे दगड, करवंदीचे काटे, मे महिन्यातली किनाऱ्याची वाळू यांवर हे तळवे घडलेत. मधल्या काळात कॅनडाच्या कार्पेटने ते नरम केले होते, पण गेली दोन वर्षं जुना कणखरपणा परत येतोय. परवा किचनमध्ये सुनेत्राच्या हातून काचेचा बाउल फुटला. मी अनवाणी त्यातून चालत जाऊन झाडू घेऊन आलो. ती किंचाळली, मला काही नाही! गेल्या महिन्यात मेलबॉक्सपर्यंत जाऊन आलो तर आमची ऊर्मी म्हणते, "डॅड, व्हेअर इज युअर अदर स्लिपर?" बघतो तर ती ड्राइव्हवेवर पडलेली. एका स्लिपरवर मी अर्धा रस्ता फिरून आलो होतो आणि पत्ताच नाही. इतकी हलकी! बूट तसेच कर. घातलेत हे कळूच नये असे.

तुझे येईपर्यंत सराव म्हणून एक स्वस्तातली जोडी आणली. नवा बूट आधी घरात घालून मऊ करावा, असं प्रत्येक वेबसाइट सांगते. त्या वेबसाइटवाल्यांच्या घरी सुनेत्रा नाही.

"बूट घालून घरात? देवघर याच मजल्यावर आहे, प्रताप."

"नवे आहेत गं. बाहेरची धूळ लागलेली नाही."

"मग दुकानातून काय उडत आले?"

शेवटी तह झाला. बेसमेंटमध्ये, बुटांवर शॉवर कॅप चढवून. रोज अर्धा तास मी शॉवर कॅप घालून फर्नेसभोवती हरणं शोधतो. ऊर्मीने त्याचा व्हिडिओ केला आणि तो मंडळाच्या ग्रुपवर गेला. मार्कहॅमहून एका बाईंनी विचारलंय की ही कुठली योगसाधना आणि क्लास कधी असतो.

डगचा फोन आला होता. यंदा मला पूर्वेकडची वाट दिली आहे, 'बीच' नावाच्या झाडांची, ज्यांच्या बियांवर हरणं येतात. सगळ्यात चांगली. म्हणजे यंदा हरीण पळालं तर सबबीला जागाच नाही.

तुझा
प्रताप


ओकव्हिल
२६ सप्टेंबर २०२४

राल्फदादा,

पार्सल पोचलं. काय बूट आहेत! हातात धरले तर मांजराचं पिल्लू धरल्यासारखं वाटलं. सुनेत्राने पण हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या मापाचे करतात का विचार."

पण पत्र कुठे? पहिल्यांदाच तुझं पार्सल पत्राशिवाय आलं. खोकं उलटं केलं, उजव्या बुटात हात घातला, एरवी तिथेच ठेवतोस. तिथे फक्त जादा लेस होत्या. वय झालं तुझं. असो, पत्राचं काम बुटांनी केलं.

आज नववा दिवस. रोज पाऊण तास ब्रॉन्टे क्रीकच्या ट्रेलवर चालतो. एक फोड नाही, एक टोचणी नाही. डावा तर पायात आहे हेच कळत नाही. मागितलं तेच मिळालं. काटक्या अजून मोडतात, पण तो आता सरावाचा भाग. नोव्हेंबरला पाच आठवडे आहेत.

दोन दिवस जरा कणकण आहे. ऑफिसात सगळ्यांनाच काहीतरी चालू आहे. क्षितिज नावाचा एक मुलगा आमच्या टीममध्ये आहे, तो खोकत खोकत डेमो देतो आणि क्लायंटला वाटतं सिस्टिमच अडकते आहे.

पत्र राहून गेलं असेल तर पाठव. शिव्या असतील तर जपून ठेव, भेटीत दे.

तुझा
प्रताप


सडबरी
१ ऑक्टोबर २०२४

प्रताप,

पुढचं वाचायच्या आधी खाली बस आणि डावा बूट काढ.

माझं बारा सप्टेंबरचं पत्र डाव्या बुटाच्या टोकात आहे. उजव्यात लेस ठेवल्या, म्हणून या वेळी डाव्यात ठेवलं. चार पानं, जाड घडी. नऊ दिवस तू त्याच्यावर चाललास. दुसऱ्या कोणीही पहिल्याच पावलाला मला शिवी घालून बूट काढला असता.

फोन तीनदा केला. तिन्ही वेळा तुझ्या फोनने आपणहून कळवलं की तू मीटिंगमध्ये आहेस. मग सुनेत्राला लावणार होतो, पण शोशनाने हात धरला. म्हणाली, नवऱ्याने बायकोला सांगायची गोष्ट शेजाऱ्याने आधी सांगू नये, त्याला शनिवारपर्यंत वेळ द्या. उद्या संध्याकाळी आमचं नवं वर्ष लागतं, त्याआधी पोस्टात जे सगळ्यात वेगाने धावतं त्यात हे टाकतोय.

मोजा काढ. आरसा घे. तळवा बघ. मग ते पत्र वाच. रविवारी दुपारी मी सुनेत्राला फोन करणार आहे, तू सांगितलेलं असो वा नसो.

राल्फ


ओकव्हिल
६ ऑक्टोबर २०२४

दादा,

तुझा फोन यायच्या आत तिला सांगितलं. सकाळी, चहाच्या आधी. म्हणजे हिशेबाने मी जिंकलो.

पत्र सापडलं. चार पानांची एकच वडी झाली होती, ओली, तपकिरी. वाफेवर धरून पानं सोडवली. जेवढं वाचता आलं तेवढं इथे उतरवतो, तुझ्याकडे प्रत नसणार:

"…मापाचे कागद एकावर एक ठेवले. तुझा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच रुंद आला आहे. कोणाचेच दोन पाय सारखे नसतात, पण अर्धा इंच म्हणजे सूज. तुझ्या जुन्या डाव्या बुटातली गादी सोलून काढली. खाली लेस अडकवायचा तुटलेला हुक होता, गादी फोडून वर आलेला, आणि भोवती वाळलेला डाग. रक्ताचा डाग मी ओळखतो. तू मला फोड आला असं एकदाही…"

इथे अर्धं पान गेलं आहे.

"…काच, स्लिपर, गार पाय. तू विनोद म्हणून लिहिलंस. शोशनाचा भाऊ इलान हेच विनोद सांगायचा आणि आम्ही हसायचो. इलानचे बूट मीच करतो. आता एकच करतो. प्रताप, तुला शुगर आहे का? असली तर सुनेत्राला…"

आहे, दादा. अकरा वर्षं. सुनेत्राला मी 'बॉर्डरलाइन' असं सांगितलं होतं, आणि अकरा वर्षं त्या बॉर्डरवर पहारा देत उभा होतो. गोळ्या गराजमध्ये विंटर टायर्सच्या मागे. आठवल्या की घ्यायच्या. का लपवलं? ती माझा श्रीखंडाचा वाडगा उचलेल म्हणून नाही. डगचा एक नियम आहे: शुगरवाल्याला जंगलात एकटं सोडायचं नाही, त्याने मचाणावर बसायचं. तो नियम ठरला तेव्हा मीही टेबलाशी बसलो होतो आणि मान डोलावली होती.

आरशात जे दिसलं ते सांगतो. अंगठ्याखाली भोक. करंगळीचं टोक जाईल एवढं. वास. आणि दुखत नव्हतं. मी त्यावर बोट दाबलं, माझंच बोट, माझाच पाय, आणि वाटलं की दुसऱ्या कोणाचा तरी बूट चाचपतोय. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सुनेत्रा ओरडली नाही. तिने पायाला स्वच्छ टॉवेल बांधला, गाडी काढली आणि इमर्जन्सीपर्यंत एक अक्षर बोलली नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात एवढा वेळ ती गप्प राहिलेली मी ऐकली नव्हती.

अँटिबायोटिक सुरू आहे. हाडाचे फोटो काढले. काहीतरी किरकोळ करावं लागेल म्हणतात. चार आठवडे हातात आहेत. बूट छान आहेत, फक्त धुऊन घ्यावे लागतील. डगला अजून काही बोललेलो नाही.

प्रताप


ओकव्हिल
२४ ऑक्टोबर २०२४

राल्फदादा,

सप्रेम नमस्कार. मी सुनेत्रा. तुमच्या त्या रविवारच्या फोननंतर तुम्हाला सगळं कळलं आहे असा प्रतापचा दावा आहे, म्हणजे अर्धंच कळलं असणार.

त्याने ज्याला किरकोळ म्हटलं ते म्हणजे डाव्या पायाचा अंगठा. हाडापर्यंत गेलं होतं. मागच्या बुधवारी काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन आठवडे गेले असते तर त्यांनी मला अंगठ्याबद्दल सांगितलं नसतं, घोट्याबद्दल सांगितलं असतं. तेव्हा तुमच्या त्या पत्राने त्याचं पाऊल वाचवलं. ते न वाचता वाचवलं, हा भाग त्याच्या स्वभावाला धरूनच झाला.

आता ऐका. काल मी ग्रोसरीला गेले होते. परत आले तर साहेब कुबड्यांवर बेसमेंटमध्ये. अंगात नारिंगी जॅकेट. ऑफिसातल्या क्षितिजला फोनवर विचारत होते, हॅलिबर्टनपर्यंत ड्राइव्ह करशील का, बायकोला सांगू नकोस. मी फोन हातातून घेतला आणि क्षितिजला म्हटलं, "बायको बोलते आहे." तो बिचारा थेट 'सॉरी मॅम' म्हणून मीटिंगमधून लेफ्ट झाला.

मग मी डगला फोन केला. अंगठ्याचं सांगितलं, अकरा वर्षांचंही सांगितलं. तो म्हणाला, "ही नॉडेड. व्हेन वी मेड द रूल, ही नॉडेड." त्याला अंगठ्यापेक्षा ते मान डोलावणं लागलं होतं. मी म्हटलं, मलाही तेच लागलंय. त्यावर तो म्हणाला, यंदा यायचं नाही. पुढच्या नोव्हेंबरात डॉक्टर हो म्हणाल्या तर प्रतापने डगच्या नजरेसमोर एक तास चालायचं, डग ऐकेल. एकही हरीण पळालं तर मचाण, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

तुम्ही त्याला लिहा. माझं तो ऐकून घेतो, तुमचं ऐकतो. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याचे पाय हातात घेऊन आरशाने बघते. माझ्या सासूबाई असत्या तर कृतार्थ झाल्या असत्या.

बुटांचं काय बघायचं ते मलाही कळवा. यापुढे बूट माझ्या हाताखालून जातील.

तुमची
सुनेत्रा


सडबरी
३ नोव्हेंबर २०२४

प्रताप,

उद्या तुमचा सीझन सुरू होतो. तू घरी आहेस म्हणून आज लिहितोय, आज तुला राग करायला कोणीतरी हवा असेल.

मी तुला सांगितलं होतं, तळव्याला विचार. ते आता विसर. तो पाय उत्तर देणार नाही, आणि माझा कुठलाही तळ त्याला बोलायला लावणार नाही. तुला डोळ्यांनी विचारावं लागेल. प्रत्येक पाऊल कुठे पडणार ते आधी बघायचं, मग टाकायचं. तीन पावलं, मग थांबायचं. हे फार हळू आहे. तुझ्यासारख्या बडबड्या माणसाला त्याचा जाच होईल. तयारी कर.

बूट मी नव्याने करीन, पण तुमच्या क्लिनिकातल्या बूटवाल्या बाईंच्या कागदाशिवाय टाचणीसुद्धा लावणार नाही. रुंद टोक, अंगठ्याच्या जागी भरणी, आत एकही शिवण नाही. तळ थोडा जाड येईल आणि पुढून वर उचललेला. ओजिब्वे म्हाताऱ्याला तो आवडणार नाही. तुला आवडायची गरज नाही.

घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून आपटायचा, मग आत हात घालायचा. हात अजून शाबूत आहेत. सुनेत्राला सांग, शिवणीवरून करंगळी फिरवायची, करंगळीला सगळ्यात जास्त कळतं. आणि इथून पुढे माझी पत्रं वेगळ्या लिफाफ्यात.

तू बरा व्हावास म्हणून शोशनाने एलियाहू हन्नबीला, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाला, मलिद्याचा नवस बोलला होता. गुरुवारी केला. गोड पोहे, नारळ, पाच फळं. तुझ्या वाटणीचा आम्हीच खाल्ला. तुला साखर नको.

राल्फ


हॅलिबर्टन, कॅम्प
८ नोव्हेंबर २०२५

राल्फदादा,

कॅम्पातल्या टेबलावरून लिहितोय. समोर डग बटाटे सोलतोय आणि मी कोणाला लिहितोय हे न विचारता वाकून बघतोय. वाच म्हणावं.

काल माझी परीक्षा झाली. डॉक्टरीणबाईंनी एका तासाची परवानगी दिली होती, सपाटीवर, त्यानंतर बूट काढून तपासणी आणि सुनेत्राला फोटो. फोटो ती झूम करून बघते.

सकाळी मी बूट उलटे करून आपटले आणि आत हात घातला. बाकीचे कॉफी पीत बघत होते. मग सगळ्यात म्हाताऱ्याने स्वतःचा बूट उलटा केला. त्यातून ओकच्या झाडाचं एक वाळकं फळ टपकन पडलं. "हं," एवढंच म्हणाला आणि मोजा काढून खिडकीपाशी उजेडात जाऊन बसला.

डग बाजूच्या उंचवट्यावर दुर्बीण घेऊन बसला, मी खाली बीचच्या झाडांत. तीन पावलं आणि थांबा. तुला वाटलं होतं त्याहून हळू. पहिली दहा मिनिटं मला ओरडावंसं वाटत होतं. मग ते गेलं. पान बाजूला, मूळ टाळ, काटकीच्या अलीकडे, आता भार. इतकं लक्ष देऊन मी कधी काही केलं असेल असं वाटत नाही. कंपनीला हे कळता कामा नये. तासात एकशे दहा पावलं झाली. एकही काटकी मोडली नाही. खरं सांगतो, मी हरणाचा विचारसुद्धा केला नाही.

घड्याळ वाजलं. मान वर केली. समोर जंगल रिकामं. मनात म्हटलं, गेलं, मचाणावर उशी घेऊन जावी लागणार. डग उतरून आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"वेल?" मी विचारलं.

"डिडंट हिअर यू."

"मग?"

"नायदर डिड द बक."

"कुठला बक?"

त्याने माझ्या मागे बोट दाखवलं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, दादा. माझ्या मागे बारा पावलांवर होता. वीस मिनिटं तो माझ्या मागोमाग येत होता. मी तीन पावलं टाकली की तो टाकायचा, मी थांबलो की तोही थांबून बीचच्या बिया खायचा. एकदा म्हणे त्याने मी नुकताच पाय ठेवलेल्या जागेचा वास घेतला आणि शिंकला. डगला गोळी झाडता येईना, कारण मधे मी. मला दिसेना, कारण मी बघत होतो बूट. शेवटी तो कंटाळून आपल्या वाटेने गेला. पळाला नाही. चालत गेला. डगने ते दोनदा सांगितलं: चालत गेला.

सुनेत्राला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर सराव करून तू हरणाकडून शिकार करून घेतलीस." मागून ऊर्मी ओरडली, "डॅड, दॅट्स ऑसम!" मग सुनेत्राने विचारलं, "पाय?" मी म्हटलं, कोरडा, स्वच्छ, लाली नाही. त्यावर तिने जो श्वास सोडला तो सडबरीपर्यंत ऐकू आला असेल.

आज सकाळी डग पेन्सिल घेऊन भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. त्यावर प्रत्येकाची वाट आखलेली असते. माझी बीचमधली रेघ त्याने पुसली नाही. तिला खेटून, थोडी मागून, त्याने स्वतःची ओढली. म्हणाला, शुगरवाल्याला एकटं सोडायचं नाही हा नियम अजून लागू आहे. आणि हरणाला माझ्या मागेच चालायचं असेल, तर माझ्या मागे वर बघणारा कोणीतरी पाहिजे.

उद्या सात वाजता निघतो.

चालणारा
प्रताप